ऑस्ट्रेलियाने बोटी कशा थांबवल्या, आणि तरीही वाद का मिटला नाही

२०१३ च्या ऑस्ट्रेलियन निवडणुकीत विरोधी पक्षनेते टोनी अ‍ॅबट यांच्या प्रचारात तीन शब्द सतत ऐकू येत होते: 'स्टॉप द बोट्स'. बोटी थांबवा. दहा वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, ब्रिटनचे पंतप्रधान ऋषी सुनक पत्रकारांसमोर आले तेव्हा त्यांच्या समोरच्या फलकावर हेच तीन शब्द होते. ऑस्ट्रेलियाला जमलं, मग आपल्याला का नाही, असा त्यामागचा हिशेब. म्हणूनच ऑस्ट्रेलियात नेमकं काय जमलं, कशाने जमलं आणि त्याची झळ कोणाला बसली, हे नीट समजून घ्यायला हवं. हा वाद तिथे पंचवीस वर्षं पेटलेला आहे आणि दोन्ही बाजू एकमेकींच्या खऱ्या मुद्द्यांकडेही डोळेझाक करतात.

आधी कायदा पाहू. निर्वासितांबद्दलचा मुख्य आंतरराष्ट्रीय करार १९५१ चा. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या समाजगटाशी असलेलं नातं यामुळे ज्याचा स्वतःच्या देशात छळ होण्याची सबळ भीती आहे, तो निर्वासित. तो दुसऱ्या देशात पोहोचला की 'मला आश्रय द्या' असा अर्ज करतो. अर्जाचा निकाल लागेपर्यंत तो आश्रय मागणारा असतो, निकाल बाजूने लागला की निर्वासित ठरतो. करारातल्या दोन अटी या वादाच्या मुळाशी आहेत. एक, अशा माणसाला जिथे जिवाला धोका आहे तिथे परत धाडायचं नाही. दुसरी, धोक्याच्या जागेहून थेट आलेल्या माणसाने कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडली म्हणून त्याला शिक्षा करायची नाही. ऑस्ट्रेलियाने हा करार १९५४ मध्ये मान्य केला.

आता नकाशा बघा. काबूल, तेहरान किंवा जाफन्याहून निघालेला माणूस ऑस्ट्रेलियाला पोहोचायच्या आधी बहुतेक वेळा मलेशिया किंवा इंडोनेशियात येतो. या दोन्ही देशांनी करारावर सही केलेली नाही. (भारतानेही नाही.) तिथे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित विभागाकडे नाव नोंदवता येतं, पण रीतसर काम करायचा हक्क मिळत नाही. कायमचं राहता येईल अशी आशाही नसते. जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यापासून ऑस्ट्रेलियाचं ख्रिसमस बेट साडेतीनशे किलोमीटरवर आहे. दलालाला हजारो डॉलर मोजायचे, मासेमारीच्या मोडक्या बोटीत दाटीवाटीने बसायचं आणि निघायचं. 'थेट' या शब्दावर सरकारचा आणि वकिलांचा झगडा इथेच सुरू होतो. सरकार म्हणतं, हे इंडोनेशियात थांबले होते, तिथे त्यांच्या जिवाला धोका नव्हता, म्हणजे हे थेट आलेच नाहीत. वकील विचारतात, जिथे कायद्याने राहताच येत नाही तिथे तो 'थांबला' असं कसं म्हणायचं?

पहिली बोट १९७६ च्या एप्रिलमध्ये उत्तरेकडच्या डार्विनला लागली. आत पाच व्हिएतनामी तरुण होते. पुढच्या पाच वर्षांत अशा बोटींतून सुमारे दोन हजार माणसं आली. विरोध तेव्हाही झाला. पण माल्कम फ्रेझर यांच्या सरकारने मलेशिया-थायलंडच्या छावण्यांतूनच निर्वासित निवडून विमानाने आणायला सुरुवात केली आणि त्यांची संख्या बोटींतल्या माणसांच्या कितीतरी पट होती. बोटीत बसायची गरजच कमी व्हावी, हा त्यामागचा विचार. फ्रेझर उजव्या बाजूच्या लिबरल पक्षाचे होते. हा तपशील लक्षात ठेवा, कारण पुढे पक्ष आणि भूमिका यांचं गणित सारखं बदलत राहतं. बोटीने आलेल्यांना सक्तीने कोठडीत ठेवण्याचा कायदा १९९२ मध्ये आणला तो पॉल कीटिंग यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने.

टॅम्पा

२६ ऑगस्ट २००१ रोजी टॅम्पा या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने एका बुडत्या बोटीवरून ४३३ जणांना वाचवलं. त्यातले बहुतेक अफगाणिस्तानातले हजारा होते, तालिबान ज्यांच्या जिवावर उठलं होतं तो समाज. मदतीला जा असा निरोप ऑस्ट्रेलियाच्याच बचाव यंत्रणेने दिला होता. पण कप्तान आर्ने रिनान यांनी ख्रिसमस बेटाकडे जहाज वळवलं तेव्हा पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने परवानगी नाकारली. २७ खलाशांच्या जहाजाच्या डेकवर चारशेहून जास्त माणसं उन्हात बसून होती. शेवटी ऑस्ट्रेलियाने आपले कमांडो जहाजावर चढवले.

पुढच्या काही आठवड्यांत एक नवी व्यवस्था उभी राहिली, तिला 'पॅसिफिक सोल्यूशन' म्हणतात. ख्रिसमस बेट आणि आणखी काही बेटं स्थलांतर कायद्याच्या हद्दीतून वगळली गेली. म्हणजे तिथे पाय ठेवला तरी कायद्याच्या दृष्टीने आश्रयाचा अर्ज करण्यापुरते तुम्ही ऑस्ट्रेलियात नाही. माणसांना नौरू या चिमुकल्या बेट-देशात आणि पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर पाठवायचं ठरलं. नौरूचं क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर. फॉस्फेटच्या खाणी आटत चाललेल्या त्या देशाला पैशाची निकड होती.

मध्येच ११ सप्टेंबर घडलं. ऑक्टोबरमध्ये मंत्र्यांनी सांगितलं की एका बोटीवरच्या लोकांनी मुलांना समुद्रात फेकलं. छायाचित्रंही दाखवली गेली. ती प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशीची, बोट बुडत असतानाची होती. कोणी मूल फेकलं नव्हतं, हे पुढे सिनेटच्या चौकशीत स्पष्ट झालं, पण तोवर १० नोव्हेंबरची निवडणूक होऊन गेली होती. 'या देशात कोण येणार आणि कोणत्या परिस्थितीत येणार हे आम्ही ठरवू' हे हॉवर्ड यांचं वाक्य त्या प्रचारातलं. ते जिंकले. २००१ मध्ये बोटींनी साडेपाच हजार माणसं आली होती, २००२ मध्ये एक.

त्याच ऑक्टोबरच्या १९ तारखेला इंडोनेशियाहून निघालेली एक बोट बुडून ३५३ जण गेले. त्यात १४६ मुलं होती आणि १४२ बायका. इतक्या बायका-मुलं का? आधी पोहोचलेल्या पुरुषांना १९९९ पासून तात्पुरता व्हिसा मिळत होता आणि त्यावर कुटुंबाला रीतसर बोलावता येत नव्हतं. बोटींना चाप लावायला केलेल्या नियमाने बायका-मुलांनाच बोटीत बसवलं. या वादातल्या कुठल्याही उपायाबद्दल बोलताना हे उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही.

रांग कुठे आहे?

ऑस्ट्रेलियात सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप असा: हे रांग मोडून येतात. छावणीत वर्षानुवर्षं मुकाट्याने थांबलेल्या गरिबाची जागा दलालाला पैसे देऊ शकणारा पटकावतो.

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. दलालाला द्यायला पैसे लागतात आणि छावणीतल्या सगळ्यात हतबल माणसाकडे ते नसतात, हे खरंच आहे. पण जगातल्या निर्वासितांपैकी वर्षाला एक टक्क्याहूनही कमी लोकांना तिसऱ्या देशात पुनर्वसनाची संधी मिळते. जिथे पहिला नंबर कधी लागेल हेच ठरलेलं नाही, तिला रांग म्हणता येत नाही. शिवाय 'जागा पटकावली' हे घडतं ते सरकारच्याच एका नियमामुळे. १९९६ पासून देशात येऊन आश्रय मिळवणारे आणि परदेशातून निवडून आणलेले निर्वासित यांचा कोटा एकत्र मोजायला सुरुवात झाली. देशात एकाला व्हिसा दिला की बाहेरची एक जागा कमी. दोन गट एकमेकांचे स्पर्धक ठरले ते या मोजणीमुळे.

मेलबर्न-सिडनीत कौशल्याच्या व्हिसावर गेलेली आपली असंख्य मराठी मंडळी आहेत. त्यांच्यापैकी काहींना वाटतं, आम्ही इंग्रजीची परीक्षा दिली, गुण मिळवले, पैसे भरले, मग यांना कसं? पण कौशल्याचा व्हिसा आणि निर्वासितांचा कोटा या पूर्णपणे वेगळ्या योजना आहेत. बोटीतून आलेल्या माणसामुळे पुण्याच्या इंजिनिअरची जागा जात नाही.

आणखी एक गोष्ट बातम्यांत क्वचितच येते. आश्रयाचे बहुसंख्य अर्ज विमानाने आलेल्यांचे असतात. २०१७-१८ मध्ये असे जवळपास २८ हजार अर्ज आले. हे लोक पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसावर उतरतात, मग अर्ज करतात, आणि निकाल लागेपर्यंत सहसा समाजात मोकळे राहतात. बोटीतून आलेल्यांचे दावे तपासाअंती खरे ठरण्याचं प्रमाण मात्र विमानाने आलेल्यांपेक्षा बऱ्याच वर्षांत जास्त होतं. तरी कोठडी त्यांच्याच वाट्याला आली. सुरक्षेचा प्रश्न खरा आहे, कारण बोटीतल्या माणसाची ओळख आधी तपासलेली नसते. पण ती तपासायला काही महिने लागतात, सहा-सात वर्षं नाहीत.

समुद्रातले मृत्यू

२००७ च्या अखेरीस केविन रड यांचा मजूर पक्ष निवडून आला आणि त्यांनी नौरू-मानुस बंद केलं. तात्पुरते व्हिसाही रद्द केले. त्यानंतर बोटी पुन्हा सुरू झाल्या. श्रीलंकेतलं युद्ध संपत होतं, अफगाणिस्तान पेटलेलं होतं, त्यामुळे सगळा दोष धोरणाचा नाही. पण धोरणाचा काहीच संबंध नाही असं म्हणणंही प्रामाणिक नाही. दलाल गिऱ्हाइकाला काय सांगतात ते सरकार काय करतं यावरच ठरतं. २०१२ मध्ये १७ हजारांहून जास्त माणसं आली, २०१३ मध्ये २० हजारांहून जास्त. आणि या काळात हजाराहून जास्त माणसं बुडाली.

१५ डिसेंबर २०१० ची पहाट. ख्रिसमस बेटाच्या कड्याखाली खवळलेल्या समुद्रात एक लाकडी बोट खडकांवर आपटत होती. बेटावरचे रहिवासी कड्यावरून लाइफ जॅकेट खाली फेकत होते. त्याहून जास्त त्यांना काही करता येत नव्हतं. सुमारे पन्नास जण त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. निर्वासितांच्या बाजूने बोलणाऱ्या कोणालाही या मृत्यूंचं उत्तर द्यावंच लागतं. 'येऊ द्या' एवढं पुरेसं नाही, कारण येऊ दिलं की माणसं बोटीत बसतात आणि त्यातली काही मरतात. कडक धोरणाच्या बाजूचा हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे आणि मला तो मनापासून पटतो. प्रश्न त्यापुढचा आहे: बुडणं थांबवण्यासाठी काय काय करणं भाग होतं?

रड यांच्या जागी पंतप्रधान झालेल्या त्यांच्याच पक्षाच्या ज्युलिया गिलार्ड यांनी २०११ मध्ये एक वेगळी वाट काढून पाहिली. बोटीने येणाऱ्या ८०० जणांना मलेशियात पाठवायचं आणि बदल्यात मलेशियात थांबलेले ४ हजार निर्वासित चार वर्षांत ऑस्ट्रेलियात आणायचे. बोटीने जाऊन फायदा नाही, थांबून आहे, असा सरळ संदेश. ३१ ऑगस्ट २०११ ला उच्च न्यायालयाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च पातळीच्या न्यायालयाने, तो करार अडवला, कारण मलेशियात या लोकांना कायद्याचं संरक्षण नव्हतं. मग कायदा बदलायचा प्रयत्न झाला तो २०१२ मध्ये सिनेटमध्ये पडला. विरोधात लिबरल-नॅशनल आघाडी आणि ग्रीन पक्ष, दोघंही होते. ग्रीन पक्षाला तो फार निर्दय वाटला. आघाडी म्हणाली, मलेशियाने करारावर सही केलेली नाही. पण हीच आघाडी बोटी परत लोटायचं म्हणत होती त्या इंडोनेशियाकडे, ज्यानेही सही केलेली नव्हती. हा करार यशस्वी झाला असता की नाही ते सांगता येत नाही, पण त्यात निदान एक दार बंद करताना दुसरं उघडलं जात होतं.

त्यानंतर संरक्षण दलांचे निवृत्त प्रमुख अँगस ह्यूस्टन यांच्या समितीने ऑगस्ट २०१२ मध्ये २२ शिफारशी दिल्या. नौरू-मानुस पुन्हा सुरू करा, पण निर्वासितांचा वार्षिक कोटा २० हजारांवर न्या, शेजारी देशांशी मिळून रीतसर मार्ग तयार करा. समितीचं म्हणणं होतं की हे सगळं एकत्र करायचं आहे, यातलं सोयीचं तेवढं उचलू नका. झालं नेमकं तेच. बेटं लगेच उघडली. कोटा एक वर्ष २० हजारांवर गेला आणि सरकार बदलल्यावर १३,७५० वर आणला गेला.

नेमकं कशाने थांबलं?

इथे घोषणा आणि वस्तुस्थिती वेगळ्या होतात. ऑगस्ट २०१२ मध्ये बेटांवर पाठवणं पुन्हा सुरू झालं, पण पुढच्या वर्षभरात आधीच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त माणसं आली. बेटांवरची जागा काही महिन्यांतच संपली. १९ जुलै २०१३ ला पुन्हा पंतप्रधान झालेल्या रड यांनी जाहीर केलं की यापुढे बोटीने येणाऱ्या कोणालाही ऑस्ट्रेलियात कधीच स्थायिक होऊ देणार नाही. त्यानंतर आकडे उतरू लागले. सप्टेंबरमध्ये अ‍ॅबट निवडून आले, 'ऑपरेशन सॉव्हरिन बॉर्डर्स' सुरू झालं, आणि नौदल व सीमा दलाने बोटी भर समुद्रातून परत फिरवायला सुरुवात केली. काही वेळा माणसांना नारिंगी बंदिस्त लाइफबोटींत बसवून इंडोनेशियाकडे सोडलं गेलं. २०१४ मध्ये बोटी जवळपास थांबल्या.

म्हणजे तीन वेगवेगळे उपाय आहेत: बेटांवर पाठवणं, कायमची बंदी, आणि समुद्रातून परत लोटणं. सरकारं ते एकाच पुडीत बांधून विकतात. माझ्या मते पुरावा असं दाखवतो की निर्णायक ठरलं ते परत लोटणं, त्याला बंदीच्या घोषणेने हातभार लावला. आणि हे मान्य केलं तर बेटांवरच्या हजारो माणसांच्या हालांचा बचाव फार कठीण होतो, कारण त्या हालांवाचूनही बोटी थांबल्या असत्या. परत लोटण्यातही प्रश्न आहेतच. बोटीवरच्या माणसाची चौकशी भर समुद्रात घाईने होते, परतल्यावर त्याचं काय झालं हे कळत नाही, आणि तत्कालीन मंत्री स्कॉट मॉरिसन 'समुद्रातल्या कारवाईबद्दल' पत्रकारांना उत्तरंच देत नसत.

यातल्या एका बोटीचा आपल्या किनाऱ्याशी संबंध आहे. जून २०१४ मध्ये पुद्दुचेरीहून १५७ श्रीलंकन तमिळ निघाले. ख्रिसमस बेटाजवळ त्यांना अडवून ऑस्ट्रेलियाच्या जहाजावर घेतलं आणि भारतात परत सोडण्याचा विचार करत जवळपास महिनाभर समुद्रातच ठेवलं. शेवटी ते नौरूला पोहोचले. जानेवारी २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने ही समुद्रातली कैद कायदेशीर ठरवली, चार विरुद्ध तीन मतांनी.

बेटांवर

ऑगस्ट २०१२ नंतर चार हजारांहून जास्त माणसांना नौरू आणि मानुसला नेलं गेलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये मानुसच्या केंद्रात दंगल झाली आणि रझा बराती हा २३-२४ वर्षांचा इराणी तरुण मारला गेला, त्याचं रक्षण ज्यांच्यावर सोपवलं होतं त्यांच्यापैकीच काहींच्या हातून. २०१६ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने ही स्थानबद्धता घटनाबाह्य ठरवली. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियन सरकारने मानुसवर ठेवलेल्यांना ७ कोटी डॉलरची भरपाई देऊन खटला मिटवला. नौरूवर लहान मुलांनी खाणं-बोलणं सोडलं, अंथरुणातून उठणं सोडलं. तिथे मानसिक उपचार करणाऱ्या 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ला ऑक्टोबर २०१८ मध्ये नौरूने निघून जायला सांगितलं. फेब्रुवारी २०१९ पर्यंत शेवटची मुलं बेटावरून हलवली गेली, तीही डॉक्टर, वकील आणि सामान्य नागरिकांनी अनेक महिने रेटा लावल्यावर.

त्याच महिन्यात अपक्ष खासदारांच्या पुढाकाराने संसदेने सरकारला हरवून एक कायदा केला: दोन डॉक्टरांनी सांगितलं तर आजारी माणसाला उपचारासाठी ऑस्ट्रेलियात आणायचं. बोटींचा पूर येईल असं सरकार म्हणालं. तो आला नाही. डिसेंबरमध्ये सरकारने कायदा तरीही रद्द केला.

आणि खर्च? २०१४ मध्ये सरकारनेच नेमलेल्या खर्चतपासणी आयोगाच्या हिशेबाप्रमाणे बेटावर एका माणसाला वर्षभर ठेवायला ४ लाख डॉलरहून जास्त लागत होते. त्याच माणसाला निकाल लागेपर्यंतच्या 'ब्रिजिंग' व्हिसावर ऑस्ट्रेलियात समाजात ठेवलं तर सुमारे ४० हजार.

न्यूझीलंडने २०१३ मध्येच सांगितलं होतं, वर्षाला १५० जण आम्हाला द्या. ऑस्ट्रेलिया नऊ वर्षं नको म्हणत राहिलं, कारण न्यूझीलंडचं नागरिकत्व मिळालं की ते मागच्या दाराने येतील. मार्च २०२२ मध्ये अखेर होकार दिला. त्या नऊ वर्षांत एखादं मूल जन्मून तिसरी-चौथीत गेलं असतं.

आज दोन्ही मोठे पक्ष मूळ धोरणावर एकच आहेत. मजूर पक्षाने २०१५ मध्ये बोटी परत लोटणं मान्य केलं. अँथनी अल्बनीज यांच्या सरकारने २०२३ मध्ये तात्पुरत्या व्हिसावर लटकलेल्या सुमारे १९ हजार जणांना कायम राहायची वाट मोकळी केली, जुलै २०१३ नंतर बेटांवर पाठवलेल्यांना मात्र नाही. विरोध उरला आहे तो ग्रीन पक्ष, काही अपक्ष, चर्च आणि वकिलांच्या संस्था यांच्याकडे. आश्रय मागणाऱ्यांना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवण्याचा ब्रिटनचा बेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये बेकायदा ठरवला आणि पुढच्या सरकारने गुंडाळला. मुळात ब्रिटन आणि फ्रान्समधली इंग्लिश खाडी सर्वांत अरुंद जागी ३३ किलोमीटर आहे आणि फ्रान्स परत लोटलेल्या बोटी घ्यायला तयार नाही. ऑस्ट्रेलियाचं यश ज्या भूगोलावर उभं होतं तो तिथे नाहीच.

बोटी थांबवण्याला माझा विरोध नाही. पण समुद्राचा रस्ता बंद करणाऱ्या सरकारने दुसरा रस्ता उघडायला हवा होता, फ्रेझर यांनी उघडला तसा. नोव्हेंबर २०१४ मध्ये झालं उलटंच. १ जुलै २०१४ नंतर इंडोनेशियात नाव नोंदवलेल्या कोणाही निर्वासिताला आम्ही घेणार नाही, असं ऑस्ट्रेलियाने जाहीर केलं. हे बोटीत न बसलेले लोक होते. त्यांना सांगितलं होतं तेच त्यांनी केलं होतं, नाव नोंदवलं आणि थांबले. त्यांच्यातले कित्येक हजारा आज दहा वर्षांनीही इंडोनेशियातच आहेत, ना काम करायची परवानगी, ना पुढे जायचा रस्ता.